आईच्या मनात काय होतं?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये सकाळी आगरा तलावाकडे फिरायला निघालं, की मराठी हमखास कानावर पडतं. पुण्याहून, नाशिकहून, बेळगावहून मुलांकडे राहायला आलेले आईवडील भेटतात. या मंडळींनी पैशांची, घराची, दागिन्यांची व्यवस्था नीट लावलेली असते. नॉमिनीचं नाव घातलेलं असतं, मृत्युपत्र कपाटात असतं. पण आयसीयूत आपण बेशुद्ध असू तेव्हा आपल्या शरीराचं काय करायचं, हे मुलांशी कधी बोललेलं नसतं. मग एखाद्या रात्री डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का? मुलगा म्हणतो, लागेल ते सगळं करा. त्यात प्रेम असतं, भीती असते आणि नातेवाईक काय म्हणतील ही धास्तीही असते. आईची इच्छा मात्र त्यात कुठेच नसते, कारण ती कुणाला ठाऊकच नसते.

या प्रश्नाची सगळ्यात मोठी साक्ष मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातल्याच, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएममध्येच त्यांच्यावर अत्याचार झाला, गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळजवळ 42 वर्षं त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली. परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी विरोध केला. वर्षानुवर्षं त्यांनीच अरुणाताईंना भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने विराणींची मागणी फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या लोकांचा आहे, असं ठरवलं. मात्र उपचार थांबवून मरण येऊ देण्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट मोकळी केली. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल खरी कळकळ होती, असं मला मनापासून वाटतं. तरीही अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. पंचविशीतल्या मुलीने ते कुणाला सांगून ठेवलेलं असणार तरी कसं? म्हणूनच सेवा करणाऱ्यांचा शब्द धरावा लागला. आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या आपल्या घरांतही हेच घडतं. फरक एवढाच, की आपल्या आईवडिलांना विचारायला वेळ होता.

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. 24 जानेवारी 2023 रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात लिहायची. वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ तपासणी करतं, मग दुसरं मंडळ. त्या दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. इच्छापत्र नसेल, तर घरच्यांच्या संमतीने हीच वाट धरता येते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहे.

कर्नाटक सरकारने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून ही व्यवस्था राज्यात लागू केली. त्याआधी मे 2024 मध्ये गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं होतं. महाराष्ट्रात ही इच्छापत्रं जपून ठेवणारे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात आजही गुन्हाच आहे. उपचार थांबवताना मात्र आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं असतं, आणि रुग्णाची काळजी त्या दिवसापासून वाढवायची असते. वेदना, धाप, कोरडं पडणारं तोंड, घाबरलेलं मन, या सगळ्यांवर उपचार असतात. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही, त्याला झोप लागते. मारतहळ्ळीजवळच्या करुणाश्रयात बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांची ही सेवा विनामूल्य होते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून हेच काम करतं आहे. 'आता काही करण्यासारखं उरलं नाही' हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारूच नये, असं मला वाटतं. ते ऐकून घरचे लोक मशीनला आणखी घट्ट धरून बसतात.

परगावी राहणाऱ्यांनी एक काळजी जास्त घ्यायला हवी. पुण्यात नोटरी केलेला कागद बेंगळुरूत चालतो, निकाल साऱ्या देशाला लागू आहे. पण तो मराठीत असेल आणि पुण्याच्या कपाटात असेल, तर रात्री दोन वाजता सरजापूर रोडवरच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग नाही. तो इंग्रजीतही करून घ्यावा, प्रत मुलांच्या फोनमध्ये आणि फॅमिली डॉक्टरांकडे ठेवावी. अमेरिकेतल्या मुलीला फोनवर सगळं ऐकवून ठेवावं. भावंडांचं भांडण बहुधा याच एका गोष्टीवरून पेटतं, की आई हे मला कधी बोलली नव्हती.

कागद केला म्हणजे हात बांधले गेले, असंही नाही. इच्छापत्र केव्हाही लेखी बदलता येतं, रद्द करता येतं. आणि आई शुद्धीवर असेल, स्वतःचं मन सांगू शकत असेल, तर डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधी तिच्याशीच बोलायचं असतं.