दार शाबूत, तर छप्पर शाबूत

वादळात घराचे काय उडते, असे विचारले तर कोणीही सांगेल, "छप्पर!" हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. पुष्कळदा छपराच्या आधी दार मोडलेले असते, आणि दार मोडले म्हणूनच छप्पर उडालेले असते. ही गोष्ट मला एका वादळी दिवसाने शिकविली.

तो दिवस १७ मे २०२१ चा. 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून मुंबईच्या बाजूने उत्तरेकडे चालले होते. त्या रात्री ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. पण जाता जाता त्याने मुंबईलाही हिसका दाखविला. कुलाब्यास वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी १०८ किलोमीटर इतका नोंदला गेला. आम्ही जोगेश्वरीला राहतो. घरासमोर सुतारकामाचे गाळे आहेत. त्यांची छपरे पत्र्याची. त्यांपैकी एका गाळ्याचे लोखंडी शटर प्रत्येक झोताबरोबर शिडासारखे आत फुगत होते. थोड्याच वेळात त्याच्या पट्ट्या एका बाजूच्या खाचेतून निसटल्या आणि वारा आत घुसला. पाठोपाठ छपराचे चार पत्रे उचलले गेले व रस्त्यापलीकडे जाऊन आदळले. सुदैवाने रस्त्यावर कोणी नव्हते. मात्र सुताराने तयार करून ठेवलेली कपाटे व टेबले पावसात भिजून फुगली. शेजारच्या गाळ्याचे छप्परही तितकेच जुने होते. परंतु त्याचे शटर टिकले, म्हणून छप्परही टिकले.

असे का व्हावे? वाऱ्याला आपण हलका समजतो; पण वेगाने धावणारी हवा मोठा भार टाकते. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. एवढ्या वेगाचा वारा एक चौरस मीटर जागेवर सुमारे ५५ किलो वजनाइतका दाब देतो. तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच शटराचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते. म्हणजे त्यावर जवळजवळ ५०० किलोंचा भार आला. पन्नास किलोंची दहा पोती एकदम दारावर रेलावीत, तसा तो प्रकार होय! आणखी एक नियम ध्यानात ठेवा : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

आता छपराकडे वळू. पावसाळ्यात तुम्ही छत्री वाऱ्याकडे झुकवून चालता, तेव्हा ती टिकते. परंतु वारा तिच्या आतल्या बाजूला शिरला, की ती क्षणात उलटी होते. घराचेही तसेच आहे. छपरावरून जाणारा वारा पत्र्यांना वरच्या बाजूला ओढीत असतो. दार मोडून वारा आत आला, की तो पत्र्यांना खालूनही ढकलू लागतो. वरून ओढ आणि खालून रेटा, अशा दुहेरी जोरापुढे पत्र्यांचे हूक तग धरीत नाहीत.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात 'अँड्र्यू' नावाचे प्रचंड वादळ आले. तिकडे घराला लागूनच मोटार ठेवण्याची खोली असते व तिचे दार फार रुंद असते. तज्ज्ञांनी पडझडीची पाहणी केली, तेव्हा अनेक घरांत प्रथम हे रुंद दार आत गेले व मग छप्पर गेले, असे आढळले. पुढे तेथे अशा दारांच्या मजबुतीविषयी कडक नियम झाले.

मग शटर मजबूत कसे करावे? त्याच्या पट्ट्यांची टोके दोन्ही बाजूंच्या खाचांत बसलेली असतात. शटर फुगले की टोके आखडतात व बाहेर पडतात. म्हणून खाच पुरेशी खोल असावी, आणि पट्ट्यांच्या टोकांना खाचेत अडकून राहतील अशा आकड्या बसवाव्यात. खाचेचे लोखंड नुसत्या गिलाव्यात नव्हे, तर भिंतीच्या पक्क्या भागात लांब बोल्टांनी रोवलेले असावे. खालची पट्टी दोन्ही टोकांना जमिनीत अडकेल अशी सोय करावी. दार फार रुंद असेल, तर आतून मधोमध काढता-घालता येईल असा लोखंडी खांब उभा करावा. त्याचे खालचे टोक फरशीतील खोबणीत व वरचे टोक तुळईत पक्के बसावे. अर्थात ही कामे कसबी कारागिराकडूनच करून घ्यावीत. गंजलेला एक बोल्टही सारी मेहनत व्यर्थ घालवू शकतो.

ह्यात नवे असे फारसे काही नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवा अडसर असे. त्याची टोके भिंतीतील खोबणीत सरकविली, की बाहेरून बसणारा धक्का बिजागऱ्यांवर न येता भिंतीवर जाई. मधला खांब म्हणजे उभा केलेला अडसरच होय.

एक इशारा मात्र विसरू नका. वादळ सुरू झाल्यावर दाराला पाठ लावून ते धरून ठेवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाचशे किलोंच्या भारापुढे माणसाचे बळ ते किती! अशा वेळी दारापासून दूर, आतल्या पक्क्या खोलीत जावे. दार पुन्हा करता येते. माणूस करता येत नाही.

तौक्तेच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले व पत्रे उडविले होते. दोन्ही वादळे पावसाळ्याच्या तोंडावर आली, हे लक्षात घ्या. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आपल्या घराचे दार नीट तपासा. बिजागऱ्या ढिल्या आहेत काय? खाच गंजली आहे काय? बोल्ट घट्ट आहेत काय? आभाळ निरभ्र असताना विचारलेले हे तीन प्रश्न वादळाच्या रात्री तुमचे छप्पर राखतील.