डोक्याला मार लागला, तर वेळ लिहून ठेवा

मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे मी मदतनीस होते. लोकांना वाटायचे, दिवसभर ऑपरेशनच असेल. प्रत्यक्षात माझा जास्त वेळ पाहण्यात जायचा: रुग्ण डोळे उघडतो का, बरोबर बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का. त्याचे गुण लिहायचे. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर, ३ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही. ही पद्धत १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी मांडली. तासाभरात १४ चे १२ झाले, की डॉक्टरांना धावत बोलवायचे.

भामरागडहून गडचिरोलीच सुमारे १८० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद पडतो, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून पहिली पाहणी घरच्यांचीच. झाडावरून, गाडीवरून पडलेला माणूस उठून नीट बोलला, तरी निर्धास्त होऊ नका. कवटीच्या आत रक्त हळूहळूही साचते. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हातपाय लुळा, डोळ्याची एक बाहुली मोठी, यातले काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा.

"प्यायलाय, झोपू द्या" असे म्हणून तर सोडूच नका. दारूची गुंगी आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. उठवून उठत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. उलटी होत असेल तर डोके, मान, पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवा.

केव्हा पडला, शुद्ध केव्हा गेली, उलट्या किती, हे कागदावर लिहा. तो कागद रुग्णाच्या खिशात ठेवा.