शिक्षा संपते, मग पुढे?

मुदत भरली की तुरुंगाचा दरवाजा उघडतो आणि कायद्याच्या दृष्टीने शिक्षा पुरी होते. पण सुटलेला माणूस त्या रात्री कोणाच्या पडवीत झोपतो आणि महिन्याभरात कोठे कामाला लागतो, यावर तो पुन्हा आत जाणार की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते. घर नाही, काम नाही, अशा माणसाला जवळ करायला जुने सोबतीच तेवढे उरतात. म्हणून दोन गोष्टी जपल्या पाहिजेत: कैद्याचे घर मोडू नये, आणि चार माणसांत मिळून वागण्याची त्याची सवय मोडू नये. पहिलीला कुटुंबाचा आधार लागतो. दुसरीला कला उपयोगी पडते.

घराचे बळ ओळखून केलेला प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा तिला पाठिंबा. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तेथे तटबंदीवाचून राहू लागले, शेती पिकवू लागले, बायकामुलांसह संसार करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. वसाहत मात्र राहिली. ज्याची चूल शेजारी पेटते आणि ज्याचे पीक शेतात उभे आहे, त्याला बांधून ठेवायला भिंत फारशी लागत नाही.

आता कलेविषयी. तुरुंगात भजने नि नाटके म्हणजे कैद्यांचे लाड, असे कित्येकांना वाटते. आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, त्या परंपरेतून आम्ही एक गोष्ट शिकलो: कलापथक ही शिस्तीची शाळा आहे. ढोलकीवाला वेळेवर आला नाही तर पोवाडा उभा राहत नाही. झील धरणाऱ्याला दुसऱ्याचे ऐकावेच लागते. ज्याने चोरी केली त्याला नाटकात चोरी झालेल्या म्हातारीचे काम द्या. तिने ती रात्र कशी काढली असेल, याचा विचार त्याला प्रत्येक तालमीत करावा लागेल. महाराष्ट्रातील कारागृहांत २०२२ साली भजन-अभंगाची स्पर्धा झाली. इंग्लंडात तर १९७९ साली दोन स्त्री कैद्यांनीच ‘क्लीन ब्रेक’ ही नाट्यसंस्था काढली. कलेने पोट भरत नाही हे खरे. पण कामावर टिकायला लागणारा धीर आणि मेळ तिने अंगी येतो.

शिवाय तुरुंगात गेलेला प्रत्येक जण शिक्षा झालेला नसतो. २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचे खटले अजून चालू होते. असे लोक जामिनावर अचानक सुटतात आणि त्यांची वाट पाहणारे कोणी नसते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हीच उणीव भरून काढण्याच्या कामात आहे. कैद्याचा घराशी संबंध जोडून देणे, वकिलाची मदत मिळवून देणे, सुटल्यावर निवारा आणि काम शोधून देणे, असे ते काम आहे.

यात आपला वाटा कोणता? शिरगावची एखादी बाई नवऱ्याला भेटायला ठाण्याच्या कारागृहात निघाली, तर आधी पालघर गाठायचे, मग गाड्या बदलत ठाणे. एका भेटीपायी पुरा दिवस जातो. कामावर खाडा पडतो. दोन खाडे झाले की भेटी विरळ होतात, आणि तेथूनच घर सुटू लागते. पुढे तो सुटून आला की बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटदार आधी चारित्र्याचा दाखला मागतो.

ज्याचे घर फोडले गेले त्याचे दुःख आम्ही लहान मानीत नाही. त्याला न्याय मिळालाच पाहिजे. परंतु उद्या दुसऱ्याचे घर फुटू नये, हाही न्यायाचाच भाग आहे. त्यासाठी गावाने भेटीच्या प्रवासखर्चाची आणि मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय करावी, एखाद्या मुकादमाने एका माणसाची हमी घ्यावी, आणि भजनी मंडळाने आपल्यात त्याला जागा देऊन त्याच्या हाती टाळ द्यावेत. एवढे करायला नवा कायदा लागत नाही.