निद्रानाशाला दुय्यम मानू नका

रात्रभर कूस बदलणारा माणूस दिवसा उदास राहू लागला, क्षुल्लक कारणावरून चिडू लागला, की घरचे म्हणतात, ‘कसलं तरी टेन्शन घेतलंय, म्हणून झोप लागत नाही.’ वैद्यकशास्त्राचाही बराच काळ हाच समज होता. मूळ दुखणे मनाचे, निद्रानाश दुय्यम. मन सावरले की झोप आपोआप येईल. २०१३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतून हा प्राथमिक-दुय्यम भेद काढून टाकला. नैराश्य असो वा नसो, निद्रानाशाचे निदान आता स्वतंत्रपणे करता येते. त्यामुळे उपचारही स्वतंत्रपणेच करायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९४८ ते १९६४ या काळात वैद्यकीय पदवी घेतलेल्या हजाराहून अधिक पुरुषांचा मागोवा पुढे अनेक दशके घेतला गेला. विद्यार्थिदशेत ज्यांना निद्रानाश होता, त्यांच्यात नंतर नैराश्याचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. असे का होत असावे, याचा काहीसा उलगडा मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगातून होतो. सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या निरोगी तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतील अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग, झोप झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक उद्दीपित झाला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा दुवाही सैल पडला. सक्तीचे जागरण म्हणजे निद्रानाश नव्हे, हे खरे. पण झोपेवाचून मनाचा तोल का जातो, हे त्यातून समजते.

यावर कोणी म्हणेल, निद्रानाश ही येऊ घातलेल्या नैराश्याची नुसती चाहूल असेल. तसे असते तर केवळ झोपेवर उपचार करून पुढचे नैराश्य टळले नसते. लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी निद्रानाश असलेल्या, पण त्या वेळी नैराश्य नसलेल्या साठीपुढच्या २९१ जणांवर चाचणी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, झोपेविषयी केवळ माहिती मिळालेल्या गटात तीन वर्षांत सुमारे २६ टक्के लोकांना नैराश्य आले. झोपेसाठी वर्तनोपचार घेतलेल्या गटात सुमारे १२ टक्के. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: एका रात्रीच्या जागरणाने काही नैराश्यग्रस्तांना चक्क बरे वाटते. मात्र पुन्हा झोप झाली की बहुतेकांची उदासी परतते, आणि द्विध्रुवी आजारात जागरणाने उन्मादाचा झटकाही येऊ शकतो. झोप आणि मनःस्थिती यांचे नाते किती थेट आहे, याचीच ही साक्ष आहे.

कर्जाची, नोकरीची चिंता मिटल्याशिवाय झोप कशी येणार, हा प्रश्नही रास्त आहे. वर्तनोपचार चिंतेचे कारण दूर करत नाहीत, पण चिंतेतून जडलेल्या सवयी मोडतात. रोज ठरलेल्या वेळी उठणे, झोप आल्यावरच अंथरुणावर पडणे, डोळा लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसणे, अंथरुणातला वेळ मोजका ठेवणे, ही त्यांची मुख्य सूत्रे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला. तो तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा, विशेषतः द्विध्रुवी आजार असल्यास; आणि तीव्र नैराश्यावरची औषधे परस्पर थांबवू नयेत. नैराश्य ओसरल्यावरही निद्रानाश मागे उरला, तर ते पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांनी झोपेची चौकशी मनाच्या तक्रारींइतक्याच काळजीने करावी आणि रुग्णानेही ‘झोप येत नाही’ हे निःसंकोच, आधी सांगावे.