गाठीची पट्टी : पुसद परिसरातील कापूस-बांधणीचा मागोवा

पुसद परिसरातील कापसाचा इतिहास बहुधा लागवड, भाव आणि खरेदी यांच्या अंगाने लिहिला जातो, आणि रुई दाबून गाठ तयार झाल्यावर ती कशाने बांधली जाते हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वास्तविक रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, हा बांधणीची कठोर परीक्षा पाहणारा माल आहे. साखरेचे पोते किंवा लाकडी खोके एकदा बांधले की आपल्या आकारात राहते. रुईची गाठ मात्र प्रेसमधून सुटताच पुन्हा फुगू पाहते, आणि तिची ही उसळी गिरणीत गाठ उघडेपर्यंत पट्ट्यांवर अखंड ताण देत राहते. म्हणून दोर, लोखंडी पट्टी, पोलादी तार आणि पॉलिएस्टर पट्टी यांपैकी कोणत्या काळी काय निवडले गेले हे पाहिले, तर कापूस किती दूर जात होता आणि बांधणीचा खर्च व धोका कोणाच्या वाट्याला येत होता, हेही उलगडते.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडातील कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे, आणि हा माल वाहून नेणाऱ्यांत बंजारा समाजाचे तांडे अग्रेसर होते. पुसद तालुक्यात आजही मोठ्या संख्येने वसलेल्या या समाजाच्या वाहतूक-व्यवसायाला लदेणी म्हणत. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस अशा तांड्यांबरोबर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून नावेने कलकत्त्याकडे रवाना होई. हा माल हातापायांनी दाबून भरलेला असल्याने त्याची उसळी थोडी असे. गोणपाटाचे किंवा जाड सुती कापडाचे वेष्टन आणि ताग-अंबाडीच्या वाखाचा दोर त्याला पुरेसा होता. दोर गावात वळला जाई, तुटला तर वाटेत गाठ मारून जोडता येई, आणि रोज संध्याकाळी ओझे उतरवून सकाळी पुन्हा लादण्याच्या क्रमात त्याचा सैलपणा आपोआप काढला जाई. त्या वाहतुकीला दोर खरोखरच योग्य होता. त्याला मागासलेपणाची खूण मानणे अन्यायाचे ठरेल.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धाने हिंदी कापसाची मागणी एकाएकी वाढवली, आणि 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला, आणि रेल्वेलगतच्या बाजारपेठांत वाफेवर चालणारे प्रेस उभे राहू लागले. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता आणि 1905 मध्ये तो यवतमाळ जिल्ह्याला जोडला गेला. मुख्य रेल्वेमार्गापासून दूर असल्यामुळे येथील कापसाला आधी बैलगाडीचा रस्ता आणि मग आगगाडी असा दुहेरी प्रवास करावा लागे. आगगाडीचा डबा आणि जहाजाचे पोट या दोन्ही ठिकाणी जागेला किंमत असल्याने माल जितका घट्ट, तितके भाडे कमी पडे. मुंबईच्या व्यापारात 784 पौंडांची खंडी आणि तिच्या निम्मी, म्हणजे 392 पौंडांची, सुमारे 178 किलोची गाठ रूढ झाली. इतकी रुई प्रेसने आवळल्यावर तिला रोखून धरणे दोराला शक्य नव्हते.

यामागचे कारण यांत्रिक आहे आणि बांधणीच्या पुढील सगळ्या निवडी त्यावरच उभ्या आहेत. प्रेसमध्ये रुई तिच्या अंतिम आकारापेक्षा अधिक दाबली जाते, त्या स्थितीत पट्ट्या गुंडाळून अडकवल्या जातात, आणि प्रेस सैल केल्यावर गाठ फुगत जाऊन पट्ट्यांना भिडते व तेथे थांबते. म्हणजे गाठीची अंतिम घनता प्रेसच्या ताकदीइतकीच पट्टीच्या लांबीवर आणि तिच्या ताणल्या जाण्यावर ठरते. वाखाचा दोर ताणाखाली लांबत राहतो आणि ओलाव्याने कुजतो, तर लोखंड फारच थोडे लांबते. शिवाय सर्व पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतील, तर आखूड पट्टीवर भार एकवटतो. ती तुटली की तिचा भार शेजारच्या पट्टीवर पडतो, आणि एकामागून एक पट्ट्या सुटून गाठ उकलते. म्हणून पट्टीच्या मजबुतीइतकेच महत्त्व ती मोजून कापण्याला आणि तिच्या जोडाला आहे. जोडासाठी बकल वापरीत, म्हणजे खाच असलेला लोखंडी तुकडा, ज्यात पट्टीचे दुमडलेले टोक अडकते आणि उसळीच्याच जोराने अधिक घट्ट बसते.

या बकलाने अमेरिकेत एक महत्त्वाचा खटलाही घडवला. तेथे एका कंपनीकडे अशा बकलांचे पेटंट होते आणि प्रत्येक बकलावर एकदाच वापरण्याची परवानगी असल्याचे कोरलेले असे. गिरण्यांनी कापून टाकलेल्या पट्ट्या भंगारात विकत घेऊन, तुकडे जोडून, जुन्या बकलांसह त्या पुन्हा विकणाऱ्यांविरुद्ध तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1882 मध्ये निकाल दिला. न्यायालयाने ही दुरुस्ती नसून नव्याने केलेली निर्मिती मानली. पट्टी गाठ उघडताना कापावीच लागत असल्याने जुनी पट्टी सरळ करून, रिव्हेट मारून पुन्हा वापरण्याचा मोह प्रत्येक कापूसप्रदेशात असतो. पण रिव्हेटसाठी पाडलेले भोक पट्टीची रुंदी तेवढ्या जागी कमी करते आणि गंज तिची जाडी खातो, त्यामुळे ती नेमकी त्याच जागी तुटते.

भारतात 1925 च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसचे चिन्ह बंधनकारक केले, आणि गाठ कोणी बांधली, म्हणजे सदोष पट्टी कोणाची, हे गिरणीला कळू लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाशी पुसदचा संबंध वेगळ्या वाटेने आला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा कायदा झाला, तर 1972 पासून शेतकऱ्यांचा कापूस फक्त शासनामार्फत खरेदी करणारी कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. माथाडी कायद्याचा पट्टीशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही, पण तो जवळचा आहे. ताणलेली पोलादी पट्टी तुटते तेव्हा तिचे धारदार टोक हमालाच्या तोंडावर किंवा हातावर येते. हमालाचा आकडा वेष्टनाऐवजी पट्टीत अडकवून गाठ ओढली, तर जोड निसटतो. स्वस्त पट्टीने प्रेसमालकाचे वाचलेले पैसे अनेकदा हमालाच्या अंगावरच्या जखमेतून वसूल होतात, आणि बांधणीच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही बाब वगळणे गैर आहे.

एकाधिकार योजनेची सक्ती 2002 च्या सुमारास संपली. त्याआधीच, 2000 मध्ये, केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले होते, ज्याच्या एका भागात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले. 170 किलोची गाठ बांधणारे स्वयंचलित प्रेस आले, तागाच्या बारदानाऐवजी सुती कापडाच्या वेष्टनाचा आग्रह वाढला, आणि पट्टीपुढे खरे पर्याय प्रथमच उभे राहिले. तेवढ्याच आकारमानाचे पोलाद पॉलिएस्टरपेक्षा साडेपाच पटींहून जड असते. पॉलिएस्टर पट्टी गंजत नाही, तुटली तरी तिचा फटका सौम्य असतो, आणि ताणाखाली थोडी लांबून पुन्हा आखडत असल्याने रस्त्याच्या हादऱ्यांत ती गाठीला धरून राहते. मात्र तिचा जोड बकलाऐवजी बहुधा उष्णतेने वितळवून केला जातो, आणि त्या यंत्राचे तापमान व दाब बिघडले तर उत्तम पट्टीही जोडातून सुटते. खोकी बांधायला वापरली जाणारी स्वस्त पॉलिप्रॉपिलीन पट्टी गाठीला चालत नाही, कारण सततच्या ताणाखाली ती हळूहळू लांबत जाते. विदर्भातील उन्हाळ्यात उघड्यावर रचलेल्या मालावर ऊन आणि उष्णता हा दोष आणखी वाढवतात. तिचे तंतू रुईत मिसळले, तर ते रंग घेत नाहीत आणि रंगवलेल्या कापडावर पांढरे ठिपके उमटतात. पॉलिएस्टरचे तुकडेही याच कारणाने एकूण एक उचलावे लागतात. पोलादाचे तुकडे निराळा धोका निर्माण करतात, कारण पिंजणयंत्रात ठिणगी उडाली की आग लागते. गोदामात आग लागली, तर मात्र पोलादी पट्टी गाठीला बराच वेळ आकारात ठेवते. पॉलिएस्टर सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळते, गाठ फुगून उकलते आणि ज्वाळेला हवा मिळते.

पुसद शहरात आज चालू रेल्वे नाही आणि रुईच्या गाठी ट्रकनेच निघतात; वर्धा ते नांदेड हा 284 किलोमीटरचा नियोजित मार्ग पुसदवरून जाणार असून त्याचा वर्धा-कळंब हा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या वाहतुकीसाठी, ट्रकमध्ये गाठी वारंवार चढवल्या-उतरवल्या जात असताना, नीट जोडलेली पॉलिएस्टर पट्टी आणि सुती वेष्टन ही निवड सर्वाधिक समर्थनीय दिसते; दीर्घकाळ साठवल्या जाणाऱ्या मालासाठी, आगीचा धोका लक्षात घेता, पोलादी पट्टीचा किंवा तारेचा विचार व्हावा. 2023 मध्ये केंद्राने कापसाच्या गाठींसाठी भारतीय मानक 12171 बंधनकारक करणारा आदेश काढला, पण त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. अशा स्थितीत पट्टीचा प्रकार, रुंदी, जोडाची पद्धत आणि जुनी पट्टी न वापरण्याची अट सौद्याच्या कागदावरच लिहिली जाणे गरजेचे आहे, कारण आता ही निवड बव्हंशी प्रेसमालक आणि गिरणी यांच्यातील व्यवहारावर सोडलेली आहे.