बोन्साय पडलं तर घाई नको

वळीव येतो तो आधी वारा घेऊन. मेच्या अखेरीस एखाद्या संध्याकाळी धूळ उठते, दारं आपटतात आणि बाल्कनीत स्टुलावर ठेवलेलं बोन्साय खाली येतं. चार बोटं खोल कुंडी, तिच्यात पंधरा-वीस वर्षांचं झाड. वर डेरेदार फांद्या आणि खाली ओंजळ-दोन ओंजळी माती. अशा झाडाचा तोल जायला फार मोठं वादळ लागत नाही. कधी वाऱ्याऐवजी मांजर असतं, कधी पोरांचा चेंडू, कधी घर बदलताना टेम्पोत बसलेला धक्का. शेवटी दृश्य तेच: कुंडीचे तुकडे, उघडी पडलेली मुळं आणि उभी चिरलेली एखादी फांदी.

यातली बरीचशी झाडं वाचू शकतात, आणि जी जातात त्यांना बहुतेकदा पडणं नव्हे, त्यानंतरच्या पंधरवड्यातले उपचार भोवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मोडलेल्या झाडाकडे पाहवत नाही. म्हणून माणूस एकाच दिवशी मुळं धुतो, फांद्या छाटतो, नवी माती भरतो, वर खत घालतो आणि दोन्ही वेळा पाणी ओततो. एरवी यातलं प्रत्येक काम आपापल्या वेळी योग्यच असतं. जखमी झाडावर ती सगळी एकदम आली की ते सावरायचं राहून जातं.

पहिली काळजी मुळांची. पाणी शोषण्याचं काम जाड, डोळ्यांत भरणारी मुळं करत नाहीत. ते टोकांजवळच्या कोवळ्या भागावरच्या मूलरोमांकडे असतं. हे मूलरोम इतके नाजूक की उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात काही मिनिटांत सुकतात. त्यामुळे फुटलेली कुंडी गोळा करणं, फोटो काढणं, फांदी किती मोडली ते पाहणं हे सगळं नंतर. आधी झाड सावलीत न्यावं आणि मुळं ओल्या गोणपाटात किंवा जुन्या सुती कपड्यात गुंडाळावीत. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा, नर्सरीवाले ज्याला हुंडी म्हणतात, तो शाबूत असेल तर अर्धी लढाई जिंकल्यात जमा. तो मोकळा करू नये, झटकू नये, नळाखाली धरू नये. चेचलेल्या किंवा लोंबणाऱ्या मुळांची फाटकी टोकं तेवढी धारदार कात्रीने स्वच्छ कापावीत.

नवी देखणी कुंडी त्याच दिवशी आणायची गरज नाही. प्लास्टिकचं टोपलं किंवा तळाला भरपूर भोकं पाडलेलं घमेलं पुरतं. ते मूळ कुंडीपेक्षा थोडं मोठं असलं तर चालेल. फार मोठं घेतलं तर मुळं नसलेली जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुजण्याला आमंत्रण मिळतं. हुंडी जशीच्या तशी ठेवून भोवतीच्या पोकळीत पूर्वीचंच मिश्रण भरावं. मग तळाच्या भोकांतून तार ओवून ती मुळांवरून घ्यावी आणि झाड टोपल्याला पक्कं बांधावं. तार जिथे टेकते तिथे रबराचा तुकडा ठेवावा. हे बांधणं अनेकजण टाळतात, पण माझ्या मते साऱ्या उपचारांत तेच सर्वांत मोलाचं. झाड वाऱ्याने जरा जरी डुललं तरी नुकतीच फुटलेली पांढरी मुळं तुटतात, आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फांदी पूर्ण तुटून पडली असेल तर ती गेली. ती अर्धवट चिरली असेल आणि एका बाजूने सालीला धरून असेल, तर मात्र आशा आहे. सालीच्या आत, लाकडाच्या वर, एक पातळ ओलसर थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे. तो आतल्या बाजूला पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला पानांतली साखर खाली आणणाऱ्या रसवाहिन्या. चिरलेल्या दोन्ही बाजूंचे हे थर एकमेकांसमोर आले आणि घट्ट धरून ठेवले, तर ते पुन्हा जुळतात. कोकणात हापूसची कलमं बांधणारा माणूस हेच करत असतो. तेव्हा फट सुकण्याआधी फांदी हळूच मूळ जागी बसवावी, ग्राफ्टिंगची टेप ताणून गुंडाळावी आणि बाजूला काडीचा आधार द्यावा. टेप काही महिने राहू द्यावी. ती मध्येच सोडून ‘जुळलं का’ असं पाहण्याचा मोह आवरायला हवा. वडाच्या जातीची झाडं पावसाळ्यात भराभर जाड होतात, म्हणून टेप सालीत रुतत नाही ना एवढं बाहेरून पाहत राहावं.

जी फांदी गेली तिच्या जागी जखम राहते. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही, हे समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं करवतीने उभी चिरून आतल्या जखमांचा अभ्यास केला. त्यावर आधारलेली मांडणी 1977 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या वृक्षतज्ज्ञांचा झाडांकडे पाहण्याचा दृष्टिकोन तिने बदलला. झाड बिघडलेलं लाकूड दुरुस्त करत नाही. ते त्या भागाभोवती आतून रासायनिक तटबंदी उभारतं, कूज तिथेच अडवण्याचा प्रयत्न करतं आणि वरून नवं लाकूड वाढवत जखम झाकून टाकतं. बिघडलेला भाग आत तसाच राहतो. ही तटबंदी उभारायला आणि नवं लाकूड घडवायला साखर लागते. साखर पानांत तयार होते. म्हणून शाबूत मुळं असलेल्या जखमी झाडाची पानं छाटणं म्हणजे त्याची रसदच तोडणं. मुळांचा मोठा भाग खरोखरच गेला असेल, तर थोडी पानं कमी करावीत, म्हणजे उरलेल्या मुळांना वरची तहान झेपेल. पण तेव्हाही फांद्यांची टोकं राहू द्यावीत. टोकाच्या डोळ्यांत तयार होणारी संप्रेरकं खाली उतरतात आणि नवी मुळं फुटायला मदत करतात.

जखमेवर काय लावावं, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. लेप लावला म्हणून कूज थांबते असं शायगोंना आढळलं नाही. तरीही बोन्सायच्या बाबतीत लेपाचा एक मर्यादित उपयोग आहे: जखमेची कड सुकत नाही, आणि नवी साल त्या कडेपासूनच पुढे सरकते. म्हणून आधी धारदार चाकूने फाटकी कड गुळगुळीत करावी आणि मग कटपेस्ट लावावी. मोठ्या जखमेला ऐन पावसाळ्यात बोर्डो पेस्ट चालते. मोरचूद आणि चुन्याची ही पेस्ट आंबा-संत्र्याच्या बागायतदारांच्या रोजच्या वापरातली आहे. वितळलेलं गरम मेण मात्र कधीही ओतू नये. ज्या थराला जगवायचं, तोच त्याने भाजून निघतो.

आता पाणी. माझ्या मते सर्वांत जास्त झाडं इथेच जातात. पडल्यावर आठ-दहा दिवसांनी पानं पिवळी पडून गळू लागतात. घरातल्या प्रत्येकाला वाटतं, झाडाला पाणी कमी पडतंय. घटना बहुधा उलटी असते. मुळं कमी झाली, म्हणून झाडाने पानं सोडली. पानं कमी झाली, म्हणून त्याची पाण्याची गरजही घटली. अशा वेळी रोज दोनदा पाणी घातलं तर माती सतत चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि उरलीसुरली मुळं कुजतात. मग आणखी पानं गळतात, आणि आणखी पाणी ओतलं जातं.

या फेऱ्यातून सुटण्यासाठी बांबूची एक साधी काडी मातीत खोचून ठेवावी. दिवसातून एकदा ती काढून हाताला लावून पाहावी. ओलसर असेल तर पाणी नाही. कोरडी होत आली असेल तर तळातून वाहेपर्यंत भरपूर पाणी. हवेत ओलावा मात्र हवा, कारण त्याने पानांतून उडणारं पाणी कमी होतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत झाडावर पारदर्शक पिशवीचा सैलसा तंबू करून तो सावलीत ठेवला तर फरक पडतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तीच पिशवी बुरशीला घर देते. तिथे वारा खेळता असणं जास्त गरजेचं. खत तर अजिबात नको. जखमी मुळांभोवती क्षार वाढले की त्यांना पाणी ओढणं अधिकच जड जातं.

झाडागणिक स्वभाव वेगळा. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातल्या झाडांइतकं सोशिक कोणी नाही. फांदी मोडताच पांढरा चीक वाहतो. तो ओल्या कापडाने पुसला की थोड्या वेळात थांबतो. सगळी पानं झडली तरी घाबरायचं कारण नसतं, पावसाळ्यात जुन्या लाकडातूनही डोळे फुटतात. जेडची तऱ्हा अगदी निराळी. त्याचं खोड-पान पाण्याने भरलेलं, म्हणून मोडल्यावर ते काही दिवस कोरडंच ठेवावं. जखम सुकल्याशिवाय पाणी दिलं की कूज लागते. बोगनवेलीची बारीक मुळं ठिसूळ असतात, तिची हुंडी विशेष जपावी.

सर्वांत फसवं झाड ज्युनिपर. त्याची मुळं आज गेली तरी शेंडे कित्येक आठवडे हिरवे दिसतात. माणूस निर्धास्त होतो आणि झाड आतून संपलेलं असतं. शिवाय त्याच्या खोडात बऱ्याचदा एका बाजूच्या मुळांचा पुरवठा सरळ वरच्या त्याच बाजूच्या फांद्यांना होतो, त्यामुळे एका बाजूची मुळं तुटली की तीच बाजू वाळते. उघड्या, पानं नसलेल्या लाकडातून तो पुन्हा फुटत नाही, म्हणून त्याच्या हिरव्या भागाला हात लावताना दहादा विचार करावा. झाड जिवंत आहे का, हे पाहायला नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर जीव आहे. ही तपासणी महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या बारीक फांदीवर करावी. रोज खरवडलं तर त्याही जखमाच.

अपघात नेहमी धडाम् आवाज करूनच होतो असं नाही. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर बाल्कनीत वाळलेलं बोन्साय सापडतं, तोही अपघातच. जपानमध्ये 2019 च्या जानेवारीत तोक्योजवळच्या सैतामा प्रांतातून सात मौल्यवान बोन्साय चोरीला गेली. त्यांत सुमारे 400 वर्षांचा एक ज्युनिपर होता. मालकांनी तेव्हा चोरांना उद्देशून विनंती केली की निदान झाडांना पाणी तरी घाला. उथळ कुंडीतल्या झाडाला किती थोडा अवधी असतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वाळलेल्या झाडाची कुंडी पाण्याच्या टबात बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि बाहेर काढावी. पूर्ण कोरडी माती पाणी नुसतं वरून वाहून घालवते, म्हणून हे बुडवणं. त्यानंतर पुन्हा काडीचाच नियम.

कुंडी कुठे ठेवली होती, याचाही विचार याच काळात करावा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. बोन्साय म्हणून त्याची जोपासना 1625 पासून चालू आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड स्फोटकेंद्रापासून सुमारे 3 किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होतं. रोपवाटिकेभोवतीच्या भिंतीने ते वाचवलं. मासारू यामाकी यांनी 1976 मध्ये ते अमेरिकेला भेट दिलं, पण ही हकीकत तिथे कोणालाच माहीत नव्हती. 2001 मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला आले, तेव्हा ती उघड झाली. आपल्या बाल्कनीतही कठड्यापेक्षा भिंतीलगतची जागा बरी, आणि उंच स्टुलापेक्षा रुंद बुडाचा ओटा. आपल्याकडे वारा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूला आडोसा हवा.

झाड जगलं, नवी पालवी आली, की मग त्याच्या रूपाचा विचार. शेंडा गेला असेल तर खालची एखादी लवचीक फांदी तारेने उभी वळवून नवा शेंडा घडवता येतो; दोन-तीन वर्षांत खोड पूर्वीपेक्षा जास्त निमुळतं, जास्त वयस्क दिसू लागतं. ज्युनिपरची मेलेली फांदी मुळापासून उडवण्याऐवजी साल सोलून तशीच ठेवतात. जपानी परंपरेत अशा वाळक्या फांदीला जिन म्हणतात आणि खोडावरच्या वाळक्या पट्ट्याला शारी. ते लाकूड टिकावं म्हणून त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात. वडाच्या बाबतीत हा प्रयोग मी सुचवणार नाही. त्याचं लाकूड मऊ असतं आणि आपल्या पावसात कुजतं. एक शैली तर थेट पडलेल्या झाडावरूनच आली आहे. डोंगरात आडवं झालेलं खोड जमिनीला टेकतं, त्याला खालून मुळं फुटतात आणि वरच्या फांद्या स्वतंत्र झाडांसारख्या उभ्या वाढतात. त्या धर्तीवर केलेल्या रचनेला इकादाबुकी म्हणतात. एका बाजूच्या सगळ्या फांद्या गमावलेलं वडाच्या कुळातलं झाड या पद्धतीने आडवं लावून पाहण्यासारखं असतं.

खत सुरू करायचं ते नव्या पानांचा कोवळा रंग जाऊन ती गर्द झाल्यावर, तेही निम्म्या मात्रेने. कायमच्या कुंडीत हलवण्यासाठी वडाच्या कुळाला पुढच्या वर्षीचा जून, पहिल्या पावसानंतरचा, उत्तम. ज्युनिपरला थंडी सरता सरता, जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर टोपल्यातच राहू द्यावं, कितीही ओबडधोबड दिसलं तरी. आणि नवी कुंडी विकत घेताना ती उलटी करून पाहावी: पाणी जायची भोकं मोठी हवीत, आणि बांधणीची तार ओवायला त्यांच्याखेरीज आणखी दोन-चार बारीक भोकं हवीत.