बागुलबुवाला हात किती?

कानात हेडफोन घालायची सोय नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे लहानपणीची भीती, आणि त्यातून जन्मलेली एक जबरदस्त भयकथा.

आधी माझा गुन्हा सांगतो. मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. भाची चार वर्षांची, एक घास तोंडात धरून अर्धा तास बसणारी. मी सहज बोलून गेलो, "पटकन गिळ, नाहीतर बागुलबुवा येईल." तिने विचारलं, "मामा, त्याला हात किती?" मी म्हटलं, "खूप!" घास गिळला गेला, काम झालं. पण रात्री बाईसाहेब हातपाय पांघरुणात घेऊन झोपल्या. घामाने चिंब झाली, तरी पांघरूण काढेना. ताईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

तेव्हा मला ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाची 'सँडमॅन' ही कथा आठवली. नाव ऐकून नेटफ्लिक्सची सिरीज आठवली असेल, पण ही ती नाही. ही १८१६ची. म्हणजे दोनशे वर्षं जुनी, आणि तरी आजच्या सायकॉलॉजिकल हॉररची जवळपास सगळी यंत्रणा तिच्यात आहे.

गोष्ट अशी. नाथानाएल नावाचा मुलगा. काही रात्री त्याचे वडील गप्प असतात, आई उदास असते. नऊ वाजले की आई म्हणते, चला झोपायला, सँडमॅन येतोय. आणि खरंच जिन्यावर जड, सावकाश पावलं वाजतात. मुलगा आईला विचारतो, हा सँडमॅन कोण? आई म्हणते, असं कुणी नसतं रे, तुमचे डोळे झोपेने चुरचुरतात एवढंच. मग तो धाकट्या बहिणीला सांभाळणाऱ्या म्हातारीला विचारतो. ती सांगते, न झोपणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत तो वाळू फेकतो, डोळे बाहेर पडतात, ते पोत्यात भरून तो चंद्रावर आपल्या पिल्लांना खायला नेतो.

आता गंमत बघा. मुलगा कुणावर विश्वास ठेवतो? म्हातारीवर. कारण पावलं तर त्याने स्वतः ऐकलीयेत! आई 'नाही' म्हणते ते केवळ आपण घाबरू नये म्हणून, असं तो धरून चालतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दिसतोय, पण कारण कुणी सांगत नाही. मग डोकं स्वतःच कारण तयार करतं, आणि तयार केलेलं कारण खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

दहाव्या वर्षी तो वडिलांच्या खोलीत पडद्यामागे लपतो. आणि दिसतो कोण? राक्षस नाही. कधीमधी घरी जेवायला येणारा, मुलांना न आवडणारा वकील कोपेलिउस. माझ्या मते कथेतली सगळ्यात भीतीदायक जागा हीच. बिनचेहऱ्याच्या भीतीला ओळखीचा चेहरा मिळतो. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइडने १९१९मध्ये या कथेवर सविस्तर लिहिलं. त्याचा एक मुद्दा ढोबळपणे असा, की अंगावर काटा येतो तो पूर्ण अनोळखी गोष्टीने नाही, तर एकेकाळी ओळखीची असलेली, मनात दाबून टाकलेली गोष्ट परत समोर आली की येतो.

नाथानाएल मोठा होतो, कॉलेजात जातो. दारावर हवामानयंत्रं आणि चष्मे विकणारा एकजण येतो, आणि याला वाटतं, हा तोच! त्याची प्रेयसी क्लारा समजावते, हे सगळं तुझ्या मनात आहे. वाचक म्हणून आपणही मान डोलावतो. पण सुरुवात नाथानाएलच्याच पत्राने झालेली असते, म्हणजे लहानपण आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि शेवटी, तो वेडाच्या भरात मनोऱ्यावरून उडी मारतो तेव्हा, खाली गर्दीत कोपेलिउस उभा असतो. मग मनात होतं की खरं होतं? हॉफमन सांगत नाही. ती जागा रिकामी ठेवणं, हीच त्याची कमाल.

हेच आपल्या जवळ हवं असेल तर २०१८चा 'तुंबाड' पाहा. कोकणातल्या त्या घरात मुलगाच आजीला हस्तरचं नाव घेऊन झोपवतो. धमकी तीच, झोपवणारा बदलला. नारायण धारपांच्या कथांची प्रेरणा त्यामागे आहे, आणि धारपांनाही ठाऊक होतं, की दार उघडण्यापेक्षा उघडणार आहे हे कळणं जास्त भयानक.

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधाराची, राक्षसांची भीती वाटणं नॉर्मल आहे. पुढे त्या जागी आजारपण, अपघात, आईबाबांना काही होईल का, अशा खऱ्या भीती येतात. बहुतेक मुलं बागुलबुवा मागे सोडून जातात. मग नाथानाएलचं काय अडलं? त्यानेही सँडमॅनची चित्रं काढली होती, खडूने, कोळशाने, टेबलांवर, कपाटांवर, भिंतींवर. पण एकट्याने. हे काय काढलंस, असं त्याला कुणी विचारल्याचं कथेत कुठे दिसत नाही. आणि घरात रात्री नेमकं काय चाललंय, हेही कुणी सांगितलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाचीला "बागुलबुवा नसतो" असं म्हटलं नाही. आईचं ते वाक्य कथेत फेल गेलंय! मी म्हटलं, "काल मामा खोटं बोलला, तू जेवावंस म्हणून. मला हात मोजता येत नाहीत, तू काढून दाखव." आम्ही दोघं जमिनीवर बसलो. सात हात निघाले. एका हातात चप्पल, एका हातात वरणभाताची वाटी.

"एवढे हात असून हा स्वतः का जेवत नाही?" मी विचारलं.

ती म्हणाली, "त्याला पण कुणीतरी भरवायला पाहिजे ना, मामा."

त्या रात्री एक पाय पांघरुणाबाहेर होता. दुसरा अजून आत. चालेल, घाई नाही.

तुमच्या घरी कुणाचं नाव घेऊन झोपवायचे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. आणि हो, आज लाइट बंद करायची सक्ती नाही. भेटू!